अकोल्याची गोळी

अकोला
१० नोव्हेंबर २०२४

आदरणीय वहिनी,
सप्रेम जय भीम.

काल फोन लावला होता. दादाने उचलला, "सगळं मस्त आहे" म्हणाला आणि ठेवून दिला. त्याचं मस्त कसं असतं ते मला चांगलं माहीत आहे. अंगात ताप असला तरी तो मस्तच असतो. तुमच्याशी बोलावं तर तुमच्या कानात फोनचा नुसता भुंगा वाजतो. म्हणून मी ठरवलं की सरळ चिठ्ठी लिहायची. आमच्या शाळेतले क्लार्क नागसेनभाऊ तुमच्याच गल्लीच्या मागे राहतात आणि रोज बडनेरा स्टेशनवरून गाडीने अकोल्याला येणं-जाणं करतात. यापुढे तेच आपले पोस्टमन.

आता कामाचं. डॉक्टरांनी दादाचा ईसीजी काढून जे सांगितलं ते सोबत गेलेल्या नागसेनभाऊंनी मला नीट समजावून दिलं. ठोके वेडेवाकडे पडतात, त्याने रक्त साकळतं, आणि त्याची गाठ मेंदूत गेली तर अर्धांग. ते होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची. दादा तेव्हा काय म्हणाला तेही कळलं. "मरायले भेत नाही मी. बाबासारखं खाटेवर पडून राहायले भेतो." बाबांचं ते अंथरूण मी लहान असले तरी मला आठवतं, वहिनी. तुम्ही तर ते सगळं हाताने केलेलं आहे.

आणि ही गोळी एवढी महाग की दादा मोठं शिलाई मशीन विकायच्या गोष्टी करतो! विकू नका. इथे बसस्टँडजवळ जेनेरिक औषधांचं दुकान आहे. दादाच्या कागदाचा फोटो मी तिथल्या बाईंना दाखवला. त्यांनी औषधाचं मूळ नाव वाचून तेच औषध, तेवढ्याच ताकदीचं, काढून दिलं. कंपनीचं मोठं नाव नाही आणि जाहिरात नाही, म्हणून स्वस्त. माझी बीपीची गोळी मी कधीपासून इथूनच घेते. जिवंत आहे, आणि पोरांवर ओरडायला आवाजही शाबूत आहे.

सोबत महिन्याच्या गोळ्या पाठवते. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवण झाल्यावर. चुकवायची नाही. दादाने नाक मुरडलं तर सांगा, तुमच्या भावनीने पाठवली आहे, घ्यावीच लागेल.

तुमची,
भावना


अमरावती
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय भावनाबाई यांना जय भीम.

गोळ्या पोचल्या. नागसेनभाऊंनी चहा घेतला नाही, गाडीचा शीण होता म्हणाले. माझं अक्षर वाचता येतं का ते कळवा. सातवीनंतर हातात पेन धरला तो फक्त सही करायला.

तुमचे दादा पाकीट उलटंसुलटं करून पाहत बसले. म्हणाले, "याच्यावर तं नावच नाही. बिननावाच्या मालाले कोन विचारते?" मी म्हटलं, तुमच्या शिवलेल्या शर्टाले तरी कुठं नाव असते? तुमची लहानपणची गोष्ट निघाली मग. आई-बाबा गेल्यावर आम्हाला लेकरू नव्हतं आणि तुम्ही होता, असं ते दर दोन दिवसांनी सांगतात, जसं काही मला माहीतच नाही. नंतर गुपचूप उठले, पाणी घेतलं आणि गोळी घेतली. पाकीट तथागतांच्या फोटोजवळच्या फळीवर ठेवलं आहे. तिथं ते फुलांशिवाय दुसरं काही ठेवू देत नाहीत.

डॉक्टरांच्या दवाखान्याखालचा मेडिकलवाला मात्र बोलला. मी सहज विचारलं होतं. तो म्हणे, "काकू, स्वस्तातली चालते, पन तिच्यात दम नसते." डॉक्टरांनीही बजावलं होतं की गोळी आपल्या मनानं बदलायची नाही. दादांनी ते ऐकलं आहे.

तुम्ही चिंता करू नका. तुमची गोळी रोज घेतात.

तुमची वहिनी,
इंदू


अकोला
१ डिसेंबर २०२४

आदरणीय वहिनी,
जय भीम.

अक्षर माझ्या सातवीच्या पोरांपेक्षा शंभर पटीने चांगलं आहे. पत्र आलं त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी सगळ्यांना पेढे द्यायचीच बाकी होते. दादाने माझं ऐकलं! तुमच्या लग्नापासून आतापर्यंत त्याने कुणाचं ऐकल्याचं मला आठवत नाही.

त्या मेडिकलवाल्याचा मला असा राग आला की काय सांगू. दम नसते म्हणे! त्याच्या दुकानातली महागाची विकली गेली नाही तर त्याचा दम जातो, गोळीचा नाही. तुम्ही त्याच्या नादी लागू नका. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं आहे, ते आपल्या जागी बरोबर आहेत. कुणी भलतीच गोळी घेऊ नये म्हणून ते तसं सांगतात. पण ही भलती नाही, तीच आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा माझं पाकीट त्यांना दाखवा. तेही हो म्हणतील.

आता औषधाचा भार उतरला, तर आधी तुम्ही चष्मा करा. रात्री डोळे ताणून लोकांच्या साड्यांना फॉल लावता, ते बंद. मी आले आणि सुईत दोरा ओवताना दिसलात तर माझ्याशी गाठ आहे.

पुढच्या महिन्याच्या गोळ्या सोबत आहेत. धामणगावच्या बाजूच्या मैत्रिणीने तूर दिली, ती थोडी पाठवते. नागसेनभाऊ बिचारे पिशवी पाहून हसले.

तुमची,
भावना


अमरावती
२४ डिसेंबर २०२४

प्रिय भावनाबाई यांना जय भीम.

तूर मिळाली. डाळ छान शिजते.

चष्म्याचं पाहू. फॉलचं काम लग्नसराई आहे म्हणून आलं आहे, नाही म्हणवत नाही. ओळखीच्या बाया असतात. मोठं मशीन एका टेलरला देऊन टाकलं. पडूनच होतं, पाय मारून दादांना आताशा दम लागतो. तुम्ही रागावाल म्हणून आधी कळवलं नाही.

दादांच्या हिरड्यांतून दात घासताना रक्त येते. थुंकी लाल होते. मांडीवर हाताएवढा निळा डाग पडला आहे, म्हणतात दाराला लागलं असेल. मला तर दार लागल्याचं दिसलं नाही. मी म्हटलं डॉक्टरांकडे चला. तर म्हणे, "कशाले? तो इचारन का काय खाऊन राहिले तुमी. मंग त्याले काय सांगू? पोरीचं नाव मधात कायले आनू?" त्यांना वाटते अकोल्याच्या गोळ्यांचं कळलं तर डॉक्टर तुम्हाला बोलतील. म्हणून जायचं राहिलं.

बाकी जेवण बरं आहे. काल पाटवडीची आमटी मागून खाल्ली. तुमची गोळी एकही चुकवलेली नाही. विसरले तर मी आठवण देते.

इंदू


अकोला
५ जानेवारी २०२५

आदरणीय वहिनी,
नवीन वर्षाचा जय भीम.

मशीन दिलं ते ठीकच झालं. राग नाही. उलट त्याने आता आराम करावा. मला फक्त एवढंच वाटलं की एकदा विचारलं असतं तर बरं होतं. माझ्या शाळेचा पहिला ड्रेस त्याच मशीनवर शिवला जाताना मी पाहिला आहे.

हिरड्यांचं म्हणाल तर दादाने तंबाखू सोडली आहे का? खरं सांगा. आणि वहिनी, एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? ही गोळी रक्त पातळ करते. थोडं रक्त दिसणारच. दुकानातल्या बाईंना मी विचारलं, त्याही म्हणाल्या की थोडंफार होऊ शकतं, वाढलं तर डॉक्टरांना दाखवा. म्हणजे गोळी लागू पडते आहे! त्या मेडिकलवाल्याला जाऊन सांगा आता. आणि दादालाही सांगा, नुसतं पाणी असतं तर रक्त आलं असतं का? मला तर वाचून एका अर्थाने बरंच वाटलं.

तरी डॉक्टरांना दाखवा. माझं नाव खुशाल सांगा. मला कोण काय बोलणार आहे! मी मास्तरीण आहे, मला ऐकून घ्यायची सवय नाही, पण दादासाठी ऐकून घेईन.

परीक्षांची धांदल सुरू होते आहे, म्हणून एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या पाठवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत येईन ती चांगली राहायलाच.

तुमची,
भावना


अमरावती
३ फेब्रुवारी २०२५

भावनाबाई यांना जय भीम.

तुम्ही परत गेल्यावर वॉर्डात फार सुनं वाटलं. तुम्ही होत्या ते चार दिवस कसेतरी निघाले. आता समोरच्या खाटेवरची बाई आणि मी, दोघीच जाग्या असतो.

दादांचं तसंच आहे. डॉक्टर म्हणतात मेंदूत रक्त पसरलं ते हळूहळू जिरेल, पण उजवी बाजू आणि बोलणं परत येईल असं सांगता येत नाही. कधी डोळे उघडतात, कधी नाही. मी हाक मारते. ऐकू येत असेल तर त्यांना माझ्यासारखंच भुंग्यासारखं येत असेल.

तुम्ही जिन्यात बसून रडत होत्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या की माझ्या गोळीत खरंच दम नव्हता का, तिनं गाठ थांबवली नाही का. तेव्हा आजूबाजूला लोक होते. तेव्हापासून ते माझ्या जिवाला लागून आहे. म्हणून हे लिहिते. ही गाठ नव्हतीच, रक्त फुटलं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी विचारलं कोणती गोळी चालू होती, तर मी त्यांचीच पट्टी दाखवली. ते म्हणाले, या गोळीनं कुणाकुणाला असं होतं, नशीब. मी तुमच्या गोळीचं नावही काढलं नाही. तुम्हाला कुणी बोल लावणार नाही.

आणि तुमची गोळी कमजोर होती म्हणून दादा उघड्यावर पडले असंही मनात आणू नका. ते तेवढे भोळे नव्हते. डॉक्टरांची गोळीही ते सुरुवातीपासून घेतच होते. सकाळी दोन्ही, संध्याकाळी दोन्ही. मला म्हणाले, "हे डॉक्टरचं दूध आन हे भावनीचं पानी टाकलेलं दूध. दोन्ही प्यालं तं काय बिघडते? पोरीनं धाडलेलं म्या फेकून देऊ का? तिच्या तोंडावर मारल्यासारखं होईन ते." डॉक्टरांची बंद केली तर जीव जाईल अशी भीती, तुमची बंद केली तर तुमचं मन मोडेल. मशीन त्यासाठीच विकलं, फॉलही त्यासाठीच. चष्म्याचं मी टाळलं ते त्यासाठी. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं, कारण तुम्हाला वाटलं असतं की आम्ही तुमच्यावर भरवसा ठेवला नाही. आम्ही कोणत्याच बाजूनं कमी ठेवलं नाही, भावनाबाई. एवढं केल्यावरही व्हायचं ते झालं.

आणखी एक. शेजारच्या शेषरावांनाही ठोक्यांचाच आजार निघाला. हीच गोळी लिहून दिली आहे आणि त्यांच्या घरी तर पैशाची आमच्यापेक्षा ओढाताण आहे. आपल्या फळीवर दोन्ही गोळ्या भरपूर उरल्या आहेत. डॉक्टरांनी आता दादांच्या सगळ्या बंद केल्या. शेषरावांची बायको मागत होती. दोन्ही पट्ट्या त्यांना देऊन टाकते, कुणाच्या तरी कामी येतील. तुमचं काय म्हणणं?

इंदू


अकोला
५ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

नागसेनभाऊ हे पत्र देतील त्याआधीच त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल की शेषरावकाकांना त्या गोळ्या देऊ नका. तेवढं मी त्यांना सकाळी ते घरून निघायच्या आधी फोनवर सांगितलं. का ते सांगितलं नाही. ते मला तुम्हालाच सांगायचं आहे, आणि तिथे येऊन सांगायचं तर तुमच्या कानाशी ओरडावं लागेल, सगळा वॉर्ड ऐकेल. म्हणून लिहिते. तुम्ही एकट्या असाल तेव्हा वाचा.

माझी गोळी पाणी घातलेली नव्हती. ती आणि डॉक्टरांची गोळी एकच होती. तेच औषध, तेवढंच. पाकीट वेगळं, बस. दादा रोज दुप्पट औषध घेत होता. दोन्ही मिळून रक्त एवढं पातळ झालं की ते आतल्या आत फुटलं. हिरड्या, तो निळा डाग, सगळं त्याचंच होतं. आणि मी तुम्हाला लिहिलं की गोळी लागू पडते आहे.

मी सगळ्या पत्रांत लिहिलं, ही घ्या, ही चुकवू नका. ती महागाची आता थांबवा, असं मी एकदाही लिहिलं नाही. ते सांगायची गरज आहे असं मला वाटलंच नाही. ती बंद झाली हे मी धरूनच चालले. स्वस्त घेतली म्हणजे महाग सुटली, माझ्या डोक्यात एवढंच होतं. तुमच्या घरात माझं काही टाकलं जात नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. माझं फाटकं दप्तर तुम्ही अजून ठेवलंय.

तुम्ही लिहिलं होतं, तुमची गोळी रोज घेतात. वाचून मी खूश झाले. ते खरंच होतं.

डॉक्टरांना दोन्ही पट्ट्या दाखवा. माझं नाव सांगा. यात तुमची काही चूक नाही. पण मला जे कळलं ते तुमच्यापासून लपवून तुमच्यासमोर बसता येणार नाही. मला काही बोलायचं असेल तर बोला. रविवारी येते.

भावना


अमरावती
२६ फेब्रुवारी २०२५

भावनाबाई यांना जय भीम.

तुम्ही रविवारी आल्या तेव्हा मी तुमच्याशी नीट बोलले नाही. आपण दोघींनी त्यांचं अंग पुसलं आणि तुमची गाडीची वेळ झाली. तुमचं पत्र मी त्या आधीच वाचलं होतं. संडासात जाऊन वाचलं, तिथंच एकटं बसता येतं.

तुमचा दोष नाही असं लिहायला बसले होते. ते हातून उतरत नाही. आहे असं म्हणायलाही तोंड होत नाही. गोळी विसरू नका म्हणून मागे लागायची, हातावर ठेवून पाणी द्यायची, ती मीच. तुम्ही धाडली, त्यांनी गिळली, पण दोन्ही वेळा हात माझा होता. तुम्ही सांगितलं नसतं तर मी शेषरावांच्या घरीही तेच करून बसले असते. एवढ्यासाठी तुम्ही सांगितलं ते बरं झालं म्हणते. माझ्यासाठी नाही.

डॉक्टरांना मी दोन्ही पट्ट्या दाखवल्या. त्यांनी दोन्हींवरचं औषधाचं नाव वाचलं. रागावले नाहीत. मला वाटलं होतं रागावतील, रागावले असते तर सोपं गेलं असतं.

दादांना घरी आणून आज आठवडा झाला. बाबांना आपण खिडकीशी ठेवलं होतं, तिथं खाट लावायला मन झालं नाही, म्हणून दुसऱ्या भिंतीला लावली. उजवा हात पडून आहे. बोलत नाहीत, घशातून आवाज काढतात. कळते का ते कुणालाच सांगता येत नाही. मी काही विचारलं की डोळ्यांतून पाणी येते, पण ते सारखंच येत राहते.

परवा तपासणीला डॉक्टर म्हणाले, डोक्यातलं रक्त आता जिरलं, तर तीच गोळी कमी ताकदीची परत सुरू करावी लागेल. ठोक्यांचा आजार गेलेला नाही. नाही दिली तर गाठ होऊन दुसरी बाजूही जाईल, नाहीतर जीवच जाईल. मी विचारलं, आणि दिली तर? ते म्हणाले, तोही धोका आहेच, पण न देण्याचा जास्त. कोणती आणू विचारलं, तर म्हणाले कोणतीही आणा, फक्त एकच आणा. अकोल्याची आणली तरी चालेल. चालते असं ते स्वतः म्हणाले, भावनाबाई.

म्हणून नागसेनभाऊंच्या हाती नवीन कागद पाठवते. त्यावर लिहिलेली तेवढीच धाडा. धाडायचं तर धाडा.

खरं सांगते, आपल्या फळीवरच्या जास्त ताकदीच्या, म्हणून काल मी शेषरावांकडून त्यांची कमी ताकदीची एक पट्टी उसनी आणली होती. पाणी घेऊन दादांजवळ बसले. त्यांची मान हातावर घेतली. ते माझ्याकडे पाहत होते. गोळी ओठापर्यंत नेली आणि माझा हात तिथंच राहिला. त्यांनी तोंड उघडलं होतं. पहिल्यापासून मी दिलेलं त्यांनी निमूट घेतलं आहे, आजही तसंच उघडलं. मी गोळी परत पट्टीत कोंबली आणि त्यांना नुसतं पाणी पाजलं.

आज सकाळीही दिली नाही. संध्याकाळीही देऊ शकेन असं वाटत नाही. डॉक्टरांचा माणूस फोन करून नागसेनभाऊंना विचारतो, आणि भाऊ मला विचारतात, काकू, गोळी दिली का? मी मान हलवून हो म्हणते.

इंदू